डोंगरवाट आणि परतीची वेळ

प्रास्ताविक

सुट्टीच्या दिवशी एखाद्या डोंगरावर जाऊन यावे, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. पावसाळ्यापूर्वी एकदा जाऊन येऊ, असे म्हणून मे महिन्याच्या उत्तरार्धात पुष्कळ लोक डोंगराची वाट धरतात. मात्र याच दिवसांत ऊन आणि वीज ही दोन संकटे डोंगरावर एकत्र येतात. त्यांचा विचार करून चढाईचा बेत कसा आखावा, हे या पाठात बंगळूरजवळच्या एका डोंगराच्या आधारे समजून घेऊ.

१. बनशंकरीहून सावनदुर्गाकडे

बनशंकरी ही बंगळूरच्या दक्षिण भागातील मोठी वसाहत. बनशंकरी देवीच्या मंदिरावरून तिला हे नाव मिळाले. नोकरीव्यवसायानिमित्त आलेली मराठी कुटुंबेही येथे राहतात. वसाहतीच्या सहाव्या टप्प्यालगत तुरहळ्ळीचे छोटे वन आहे. तेथील मोठमोठ्या शिळांवर तरुण मंडळी प्रस्तरारोहणाचा सराव करतात. तेथे हात-पाय थोडे सरावले, की सावनदुर्गाची ओढ लागते.

सावनदुर्ग बंगळूरच्या पश्चिमेस, मागडी गावाजवळ, सुमारे पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची १,२२६ मीटर आहे. करीगुड्ड म्हणजे काळा डोंगर आणि बिळीगुड्ड म्हणजे पांढरा डोंगर, अशी त्याची दोन अंगे आहेत. पायथ्याशी वीरभद्र व नरसिंह यांची मंदिरे असून माथ्यावर नंदी आहे.

मराठी वाचकाला या परिसराचा इतिहासही परका नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली बंगळूर जिंकले. त्या मोहिमेत शहाजीराजे होते. पुढे बंगळूर त्यांच्या जहागिरीत आले आणि केंपेगौडांचे घराणे मागडीकडे गेले. सावनदुर्ग हा त्या घराण्याचा बळकट आश्रय होता. नंतर तो म्हैसूरच्या ताब्यात गेला आणि डिसेंबर १७९१ मध्ये इंग्रजांनी टिपू सुलतानाकडून जिंकून घेतला.

२. खडकाचा स्वभाव

सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हारसाच्या थरांतून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झाला. त्याला पायऱ्यांसारखे टप्पे असतात. उन्हाळ्याच्या अखेरीस तेथील गवत वाळून निसरडे होते, मुरूम सुटा होतो आणि घसाऱ्यावरून पाय सरकतो.

रामनगर-मागडी परिसरातील ग्रॅनाइट याहून कितीतरी जुना, सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्यावरचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटत जातात, म्हणून डोंगराला घुमटासारखा गोलावा येतो. कोरड्या दिवशी या खरबरीत खडकावर बुटाचा तळ छान धरतो. पाऊस पडताच मात्र त्यावरील शेवाळ ओले होते आणि तीच जागा घसरगुंडी बनते. पाय घसरलाच, तर अडवायला मध्ये टप्पा नसतो.

चढ तीव्र असेल, तेथे हातांचाही उपयोग करावा लागतो. अशा ठिकाणी दोन हात आणि दोन पाय या चारांपैकी तीन नेहमी खडकावर पक्के असावेत आणि एका वेळी एकच हलवावा. चढताना पुढची पकड डोळ्यांसमोर असते. उतरताना ती पायाखाली झाकली जाते, गुडघे थकलेले असतात आणि मनही बेसावध झालेले असते. म्हणून उतरणीसाठी वेळ आणि ताकद दोन्ही राखून ठेवावी लागते.

३. ऋतूचा स्वभाव

एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आकाश बहुधा निरभ्र असते. दिवस वर येतो तशी जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते आणि तिच्यातील बाष्पाचे ढग बनतात. दुपारनंतर हे ढग उंच व काळे होतात आणि विजांच्या कडकडाटासह वळवाचा पाऊस कोसळतो. म्हणजे सकाळी उशिरा ऊन आणि दुपारनंतर वीज, असा या दिवसांचा साधारण क्रम असतो. या दोहोंच्या आधी, पहाटेपासून सकाळपर्यंतचा जो वेळ मिळतो, तोच डोंगराचा वेळ होय.

४. एक अनुभव

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात बनशंकरीहून आम्ही पाच जण सावनदुर्गास गेलो. पहाटे पाचला निघण्याचे ठरले होते. पण डबे भरण्यात आणि चहापाण्यात वेळ गेला आणि आठ वाजता गाडी निघाली. या दिरंगाईला सर्वांत जास्त मीच जबाबदार होतो. खडकावर पाय ठेवला तेव्हा दहा वाजून गेले होते. अर्ध्या वाटेवर खडकाची धग बुटातून जाणवू लागली. पाणी निम्म्याहून अधिक संपले.

साडेबाराच्या सुमारास पश्चिमेला ढगांचा एक मनोरा उभा राहिला. बरोबर आलेला गावातील वाटाड्या थांबला, ढगाकडे पाहून म्हणाला, "मळे बरुत्ते." म्हणजे पाऊस येतोय. माझा भाचा सर्वांच्या पुढे होता. तो म्हणाला, "मामा, नंदी तो बघा समोर! पंधरा मिनिटांत जाऊन येऊ." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. क्षणभर मलाही मोह झाला. पण पंधरा मिनिटे जायची, तितकीच परतायची आणि त्यानंतर पुरी उतरण बाकी. मी त्याला खाली बोलावले. तो रागाने, एक शब्दही न बोलता आमच्यामागून उतरू लागला.

आम्ही पायथ्याच्या मंदिरात पोहोचलो आणि थोड्याच वेळात पाऊस सुरू झाला. ज्या खडकावरून आम्ही उतरलो, त्यावरून पाण्याचे पांढरे ओघळ धावू लागले. माथ्याच्या दिशेला वीज कडाडली. भाचा खांबाला टेकून बराच वेळ तिकडे पाहत होता. मग हळूच म्हणाला, "मामा, आपण आत्ता तिथेच असतो."

पुढच्या वर्षी त्याच महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. त्या वेळी सर्वांना पहाटे साडेचारला त्यानेच उठवले. नऊच्या आत आम्ही नंदीजवळ बसलो होतो.

५. वेळेचे गणित उलटे मांडावे

एरवी प्रवासाला निघताना आपण आधी निघण्याची वेळ ठरवतो. उन्हाळ्याच्या अखेरीस डोंगरावर जाताना आधी उतरण्याची वेळ ठरवावी. समजा, अकरा वाजता पायथ्याशी परतायचे आहे आणि उतरायला दोन तास लागतात. मग माथा नऊला सोडला पाहिजे. चढायला दोन तास धरले, तर सात वाजता चढाईला आरंभ हवा. बनशंकरीहून पायथ्यापर्यंत दीड तास धरला, तर साडेपाचला घर सोडावे लागेल. नऊ वाजता माथा गाठला नसेल, तरी त्याच क्षणी मागे फिरायचे, हे घरूनच ठरवून निघावे. तहान, थकवा आणि मोह एकत्र आले, की डोंगरावर नवा निर्णय घेणे कठीण जाते.

६. संकटप्रसंगी

प्रत्येकाने किमान तीन लिटर पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि चांगल्या तळाचे बूट घ्यावेत. सह्याद्रीतील गडांवरची टाकी मे महिन्यात आटलेली असू शकतात, त्यांच्या भरवशावर राहू नये. वनखात्याची परवानगी व प्रवेशाच्या वेळा यांची आधी चौकशी करावी. एकट्याने जाऊ नये.

डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही उष्णतेच्या त्रासाची लक्षणे आहेत. अशा व्यक्तीला सावलीत बसवून जलसंजीवनी द्यावी. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले, की ती तयार होते. त्यासाठी लहान चहाचा चमचा वापरावा. व्यक्ती असंबद्ध बोलू लागली किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. अंगावर पाणी ओतून वारा घालावा, बेशुद्धावस्थेत तोंडाने काही देऊ नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, असे समजावे. माथा, एकटे झाड आणि गुहेचे तोंड टाळून शक्य तितके खाली यावे. पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत थांबावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

डोंगर धैर्य शिकवतो, असे आपण म्हणतो. माथा समोर दिसत असताना मागे फिरायलाही धैर्यच लागते.

शब्दार्थ

प्रस्तरारोहण – खडक चढण्याची कला
घसारा – उतारावरील सुटी माती व खडे
वळीव – पावसाळ्यापूर्वी गडगडाटासह येणारा पाऊस
जलसंजीवनी – साखर व मीठ घातलेले पाणी

स्वाध्याय

१. ओला ग्रॅनाइट धोकादायक का ठरतो?
२. भाच्याचे म्हणणे खोटे नसतानाही लेखकाने त्याला खाली का बोलावले?
३. आपल्या जवळच्या एखाद्या डोंगराची किंवा टेकडीची निवड करून परतीच्या वेळेपासून सुरुवात करणारे वेळापत्रक तयार करा.