कयाधूकाठची माळवदं

आषाढ वद्य एकादशीला हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सी नामदेवला परतवारी भरते. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून पंढरीहून परतणारे वारकरी कयाधू नदीकाठच्या मंदिरात माथा टेकवतात आणि गावाकडची वाट धरतात. हाताशी थोडा वेळ असेल तर त्यांनी या परिसरातल्या जुन्या गल्ल्यांतही शिरावं. हिंगोली जिल्ह्याचं जुनं घर म्हणजे माळवदाचं घर, आणि तेही डोळे भरून बघण्याजोगं आहे.

हे घर मोजतात खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरांत. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचन, म्हणजे बारीक लाकडांचा थर. त्यावर मातीचे थर आणि सर्वांत वर पांढरी माती, जी भिजली की घट्ट बसते आणि पाणी खाली उतरू देत नाही. मृगाआधी नवी पांढरी टाकायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या, हे दरसालचं काम. दारात ढेलज, आत ओसरी, धान्याला बळद. छतातल्या सान्यातून उजेड खाली येतो आणि चुलीचा धूर वर जातो. माळवदावर कुरड्या वाळतात, उन्हाळ्यात रात्री अंथरुणं पडतात. मे महिन्यात पत्र्याखालून उठून माळवदाखाली येऊन बसावं, फरक अंगालाच कळतो.

मग माणसांनी ही घरं का सोडली? ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि जड छतं झोपलेल्या माणसांवर कोसळली. ती धास्ती अख्ख्या मराठवाड्यात बसली. २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोलीची जमीन ४.५ तीव्रतेने हादरली, तेव्हा ती धास्ती पुन्हा जागी झाली. ही भीती खरी आहे. पण तिच्यावर उपायही आहेत: वर्षानुवर्षं चढलेली माती खरवडून छत हलकं करणं, खांब-तुळयांना तिरके आधार देणं, भिंतीत आरपार दगड घालणं. अख्खं घर पाडण्याआधी हे करून बघायला हवं.

छपराची गोष्ट नामदेवांच्या पदांतही आहे. शीख बांधवांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यांतल्या सोरठ रागातल्या एका पदात शेजारीण विचारते, नामा, तुझं छप्पर कुणी शाकारलं? सांग, मी दुप्पट मजुरी देईन. नामदेव सांगतात, माझा सुतार म्हणजे देव, तो प्रेमाचीच मजुरी घेतो. हे पद ओठांवर घेऊन पंजाबातले भाविक नर्सीला येतात. त्यांच्यासाठी आणि आपल्या लेकरांसाठी इथलं एखादं माळवदाचं घर नीट दुरुस्त करून, आत जाऊन बघता येईल असं उघडं ठेवायला हवं. तीर्थक्षेत्र विकासाच्या कामात भक्तनिवासाइतकीच या घराचीही गरज आहे.