देवीचे, कवींचे आणि खोली शोधणाऱ्यांचे गाव

परळी वैजनाथच्या स्टेशनावर उतरायचे, बसस्थानक गाठायचे आणि अंबाजोगाईची एसटी पकडायची, हा इथे शिकायला येणाऱ्यांचा जुना रस्ता. अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास. अंबाजोगाई शहराला स्वतःचे रेल्वे स्टेशन नाही. तालुक्यात घाटनांदूरला आहे, पण सामानसुमान घेऊन दुरून येणारा नवखा बहुधा परळीचेच तिकीट काढून आलेला असतो. बालाघाटच्या माळावरून गाडी गावात शिरते तेव्हा त्याच्या फाइलीत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, टीसी आणि प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स असतात. गाव किती जुने आहे, हा प्रश्न त्याच्या यादीत कुठेच नसतो.

यादीत असते ती खोली. वसतिगृहात नंबर लागला तर प्रश्न मिटला. नाही लागला तर कॉटबेसिसवर जागा बघायची. मग घरमालकाचे प्रश्न आणि आपले प्रश्न सुरू होतात. डिपॉझिट किती, लाइट बिल वेगळे की भाड्यात धरलेले, नळाला पाणी कितव्या दिवशी येते, बोअर आहे का. शेवटच्या दोन प्रश्नांना इथे वजन आहे. धनेगावच्या मांजरा धरणाकडे अंबाजोगाई आणि लातूर दोघेही डोळे लावून असतात. खोली मिळाली की मेस. महिन्याचा दर ठरवताना खाडे किती दिवसांचे धरणार हे आधीच विचारून घेणारा विद्यार्थी या गावात टिकतो. न विचारणारा दिवाळीच्या सुट्टीचेही पैसे भरतो.

बाहेरगावचा हा ओघ आणला तो प्रामुख्याने एका संस्थेने. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय 1974 मध्ये इथे सुरू झाले. आशियातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख इथला रिक्षावालाही सांगतो. मोठ्या शहरात कॉलेज काढून डॉक्टरांना खेड्यात पाठवण्यापेक्षा कॉलेजच खेड्यांच्या मध्ये नेऊन ठेवावे, असा हा उलटा हिशेब होता. शासकीय महाविद्यालयांतल्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. त्यामुळे ज्यांनी बीड जिल्ह्याचे नाव प्रवेशाच्या यादीतच पहिल्यांदा वाचले, अशी परप्रांतीय मुलेही इथे येऊन पडतात. त्यांच्यासाठी हा परदेशच. ‘कवापासून दुखतंय’ आणि ‘पोटात कळ मारतीया’ हे पुस्तकात नसते. ते वॉर्डात, केज-धारूरकडच्या म्हाताऱ्यांकडून शिकावे लागते.

अलीकडे वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्या लांबत लांबत थेट दसऱ्याच्या आसपास जातात. नेमक्या याच दिवसांत जिल्ह्यातली ऊसतोड मजुरांची कुटुंबे कोयते, भांडी, लेकरे ट्रकमध्ये घालून पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. एकीकडे जिल्हा रिकामा होत असतो आणि त्याच रस्त्यांवरून डॉक्टर व्हायला निघालेली मुले आत येत असतात. बीडचे दोन चेहरे एका रस्त्यावर इतके स्पष्ट क्वचितच दिसतात.

शिकायला येणाऱ्यांनी जगणारे जुने गाव म्हटले की इटलीतले बोलोन्या आठवते. तिथले विद्यापीठ आपले स्थापनावर्ष 1088 सांगते आणि शहर आजही विद्यार्थ्यांच्या गजबजाटावरच जिवंत आहे. पदवी हाती पडण्याआधी असिनेल्ली मनोऱ्याच्या 498 पायऱ्या चढल्या तर पदवी मिळतच नाही, असा तिथल्या मुलांचा समज. म्हणून ती मनोऱ्याकडे रोज बघतात आणि वर जायचे टाळतात. अंबाजोगाईत असा कोणताही समज नाही. तरीही हत्तीखान्याची पायरी न चढता पदवी घेऊन गेलेले पुष्कळ निघतील.

हत्तीखाना म्हणजे जयंती नदीच्या काठचे खडकात कोरलेले लेणे. 32 खांबांचा प्रशस्त मंडप, समोर मोकळे अंगण, त्यात नंदीमंडप आणि दगडाचे भलेथोरले हत्ती. लोक त्याला जोगाईचा मंडप म्हणतात. योगेश्वरीचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले, वऱ्हाड आले, मुहूर्त टळला आणि वऱ्हाडाचे दगड झाले, अशी कथा. देवी कुमारिकाच राहिली. कथेवर विश्वास ठेवायची सक्ती नाही, पण अंगणातले ते हत्ती पाहिल्यावर ती कोणाला तरी सुचणारच होती, एवढे पटते.

योगेश्वरीचे मंदिर मात्र सगळ्यांना ठाऊक असते, कारण परीक्षेआधी तिथे जावेच लागते. दगडी पाया, वर मूर्तींनी भरलेले शिखर, दीपमाळा आणि प्रसादाला कुटलेला तांबूल. अनेक कोकणस्थ घराण्यांची ही कुलदेवता. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या आणि कोकणातल्या गाड्या वर्षभर दिसतात. आश्विनातल्या नवरात्राशिवाय मार्गशीर्षात दुसरा उत्सव असतो. तो पौर्णिमेला संपतो.

मंदिरातून बाहेर पडून यादवकाळात शिरायला फार चालावे लागत नाही. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर या परिसराचा. त्याच्या नावाचे मंदिर इथे आहे आणि त्याच नावाचे महाविद्यालयही. त्याचा मुलगा राम लढाईत पडला, तेव्हा रामाची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ देऊळ बांधून घेतले. शके 1162 चा, म्हणजे 1240 सालचा शिलालेख ही हकिकत सांगतो. तेराव्या शतकातल्या एका बाईने आपल्या नावाने भावाचे स्मारक उभारावे आणि ते नाव दगडावर टिकावे, ही साधी गोष्ट नव्हे. सकलेश्वराचे देऊळ लोकांच्या तोंडी बाराखांबी म्हणून आहे. त्याच्या आवारात राज्य पुरातत्त्व विभागाने अलीकडे केलेल्या उत्खननात आणखी देवळांचे पाये उघडे पडले. एवढे असून गावात नव्या माणसाला वाट दाखवणारे धड फलक मात्र शोधावे लागतात.

मराठी शिकणाऱ्यासाठी तर हे गाव म्हणजे अभ्यासक्रमच. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेने शके 1110 चा, म्हणजे ‘ज्ञानेश्वरी’च्या शंभर वर्षे आधीचा मानतात. त्यांची समाधी गावाबाहेर डोंगरकपारीत आहे. काळाबद्दल आणि स्थळाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत, विदर्भातल्या आंभोऱ्याचाही मुकुंदराजांवर दावा आहे. अंबाजोगाईकर हा वाद ऐकून घेतात आणि पाहुण्याला समाधीवर घेऊन जातात.

सोळाव्या शतकातल्या दासोपंतांबद्दल असा वाद नाही. ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा, असे सांगतात. त्यांनी इतके लिहिले की त्यांच्या शाईच्या खर्चाच्या दंतकथा झाल्या. कागद पुरला नाही म्हणून की काय, त्यांनी कापडावरही लिहिले. पंचीकरणाचा विषय मांडणारी त्यांची पासोडी सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद आहे. आकृत्या, कोष्टके आणि मजकूर एकाच पटावर. रात्री भिंतीवर तक्ते चिकटवून शरीररचना पाठ करणाऱ्या मुलाने ती एकदा पाहावी. आपला पूर्वज त्याला लगेच ओळखू येईल.

निजामाच्या राज्यात या गावाचे नाव मोमिनाबाद होते आणि इथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. उर्दूच्या अमलात मराठी मुलांसाठी 1917 मध्ये योगेश्वरीच्या नावाने शाळा निघाली. 1935 मध्ये हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून स्वामी रामानंद तीर्थ इथे मुख्याध्यापक म्हणून आले. संन्यास घेण्याआधीचे त्यांचे नाव व्यंकटेश खेडगीकर. शाळेच्या कामात ते तीन वर्षे रमले आणि 1938 मध्ये हैदराबाद संस्थानातल्या सत्याग्रहाकडे वळले. मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व असे एका शाळेच्या कचेरीतून बाहेर पडले. नंतर महाविद्यालये आली, वाद-विवाद आले, विद्यार्थी संघटना आल्या. परळीजवळच्या नाथ्र्याहून शिकायला आलेले गोपीनाथ मुंडे आणि इथेच वाढलेले प्रमोद महाजन यांची गाठ याच कॉलेजजीवनात पडली. समाजवादी विचाराच्या ‘मानवलोक’ने 1982 पासून इथूनच ग्रामीण कामाचा व्याप वाढवला. एकाच गावातून इतक्या वेगळ्या दिशांना माणसे निघाली, याचे श्रेय चहाच्या टपरीवरच्या भांडणांनाही द्यायला हवे.

आजचे चित्र थोडे बदलले आहे. अकरावी-बारावीच्या शिकवणीचा बाजार लातूरने केव्हाच खेचून नेला. ‘लातूर पॅटर्न’ची पाटी अंबाजोगाईतही दिसते, यात सगळे आले. स्वतंत्र जिल्ह्याची मागणी कित्येक वर्षांची आहे, निवडणुका आल्या की ती वर येते. तरी ऐकायला येणारा श्रोता इथे अजून आहे. 25 नोव्हेंबर या यशवंतराव चव्हाणांच्या स्मृतिदिनाच्या सुमारास त्यांच्या नावाचा समारोह भरतो. साहित्य, शेती, संगीत अशा कार्यक्रमांना गाव गर्दी करते. मेसवर जेवून आलेली मुले त्या गर्दीत सहज खपून जातात.

नव्या विद्यार्थ्याला पहिला मोकळा रविवार मिळाला तर पावसाळ्यानंतर लगेच मुकुंदराजांची दरी पाहावी, तेव्हा डोंगर हिरवा असतो. सकाळी लवकर निघावे. परत येताना हत्तीखाना आणि बाराखांबी होते. दासोपंतांच्या देवघराकडे जाताना मात्र आधी विचारून जावे. पासोडी म्हणजे नाजूक कापड आहे, मागेल त्याला मागेल तेव्हा ते उलगडत नाहीत.