ई-१ लाइन: कॉन्फिगरेशन, अलार्म आणि क्लॉक

रुग्णालय, बँक किंवा कॉल सेंटरच्या ईपीएबीएक्सला बाहेरच्या टेलिफोन जाळ्याशी जोडणारी पीआरआय सेवा भारतात ई-१ लाइनवर दिली जाते. या एका लाइनवर एकाच वेळी ३० कॉल चालतात. म्हणून ती बिघडली की तीसही कॉल एकदम जातात. ती कशी जुळवायची आणि तिच्यावर लक्ष कसे ठेवायचे, हे या पाठात पाहू.

१. फ्रेमची रचना

ई-१ च्या एका फ्रेममध्ये ३२ टाइमस्लॉट आणि प्रत्येकात ८ बिट असतात, म्हणजे एकूण २५६ बिट. सेकंदाला ८००० फ्रेम जातात, म्हणून वेग २.०४८ मेगाबिट प्रतिसेकंद येतो. टाइमस्लॉट ० फ्रेमची सुरुवात ओळखण्यासाठी असतो. पीआरआयमध्ये टाइमस्लॉट १६ हा सिग्नलिंगचा डी चॅनेल असतो. उरलेले ३० आवाजासाठी.

२. काय जुळवायचे?

- लाइन कोड: एचडीबी३. सलग चार शून्ये आली तर त्यांच्या जागी ठरावीक नमुना जातो. त्यामुळे समोरच्याला क्लॉक मिळत राहते.
- सीआरसी-४: दोन्ही टोकांना एकच निवड हवी, चालू किंवा बंद.
- इम्पीडन्स: कोअॅक्सियल केबलला ७५ ओहम, ट्विस्टेड पेअरला १२० ओहम.
- डी चॅनेलची बाजू: सेवा देणारा नेटवर्क, तर आपण यूजर. दोन्ही टोके यूजर ठेवली तर लाइन हिरवी दिसते, पण कॉल लागत नाही.
- क्लॉक: सेवा देणाऱ्याकडून येणारे क्लॉक घ्या, स्वतःचे देऊ नका.

३. क्लॉक चुकले तर?

समजा, दोन टोकांच्या क्लॉकमध्ये दशलक्षात फक्त १ भाग फरक आहे. सेकंदाला २.०४८ बिट पुढेमागे होतात. २५६ ÷ २.०४८ = १२५, म्हणजे दर १२५ सेकंदांनी एक अख्खी फ्रेम गळते किंवा दोनदा वाचली जाते. यालाच स्लिप म्हणतात. फरक ५० भाग असेल तर दर अडीच सेकंदांनी स्लिप होते. बोलताना ती फारशी जाणवत नाही, पण फॅक्सचे पान खराब होते आणि डी चॅनेलवरचे संदेश पुन्हा पाठवावे लागतात. म्हणून "बोलणे नीट होते, म्हणजे लाइन ठीक" असा निष्कर्ष काढू नका.

४. अलार्म कसा वाचावा?

- एलओएस: आपल्याकडे सिग्नलच येत नाही. आपली रिसीव्ह जोडी तपासा.
- एआयएस: सतत १ येत आहेत. जवळची केबल ठीक आहे. दोष त्याच्या पलीकडे आहे.
- आरएआय: आपले पाठवलेले समोर नीट पोहोचत नाही, असे समोरचे टोक कळवते. आपली ट्रान्समिट जोडी तपासा.

५. काउंटर काय सांगतात?

अलार्म नसतानाही काउंटर रोज पाहावेत. ठरावीक अंतराने वाढणाऱ्या स्लिप म्हणजे क्लॉकचा दोष. लाइन कोडचे उल्लंघन वाढत असेल तर दोष आपल्या जवळच्या केबलमध्ये किंवा कनेक्टरमध्ये शोधा. उल्लंघन शून्य असून सीआरसीच्या चुका वाढत असतील तर दोष बहुधा पुढच्या टप्प्यात आहे, कारण मधले प्रत्येक उपकरण लाइन कोड नव्याने तयार करते, पण आत आलेली चूक तशीच पुढे जाते.

तक्रार नोंदवण्यापूर्वी लूपबॅक करा: कार्डचे ट्रान्समिट त्याच्याच रिसीव्हला जोडा आणि तेवढ्यापुरते क्लॉक अंतर्गत ठेवा. एलओएस गेला आणि चुका थांबल्या तर कार्ड ठीक आहे. मग केबलकडे वळा. काउंटरच्या नोंदी वेळेसह दिल्या, तर सेवा देणाऱ्यालाही दोष लवकर सापडतो.

सराव: एका लाइनवर दर २५ सेकंदांनी स्लिप होते. दोन क्लॉकमधला फरक दशलक्षात किती भाग आहे, ते काढा.