जुनी मोटार घेताना : इसार देण्यापूर्वी एवढे पहा



ऊसबिल खात्यावर जमा झाले, सोसायटीचे कर्ज वळते झाले आणि चार पैसे हाती उरले, की पुष्कळ घरांतून एकच विषय निघतो. "औंदा गाडी घ्यायचीच." नवी घेणे सगळ्यांनाच परवडत नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. घरात म्हातारी माणसे असतात, शिकणारी मुले असतात; रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा तर मोटारसायकलवर किती जण बसणार? म्हणून जुनी आल्टो, वॅगन-आर किंवा सँट्रो पाहिली जाते. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली बंद झाले, तरी तीही अजून गावोगाव फिरताना दिसते.

कारखान्याच्या वाहन विभागात आम्ही अनेक सभासदांच्या गाड्या पाहतो. दुःख एवढेच, की बहुतेक जण व्यवहार झाल्यावर येतात. गेल्या पावसाळ्यात असेच एक सभासद आले. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते, म्हणून त्यांनी ऊसबिलाच्या पैशातून गाडी घेतली होती. रंग चकचकीत, सीटकव्हर नवे. तीन महिन्यांत ती दोनदा वाटेत बंद पडली, दुसऱ्या वेळी तर आई गाडीत असताना. आम्ही खालचा गालिचा उचलला, तर त्याखाली गाळाचा वाळलेला थर! गाडी पुरात उभी राहिलेली होती. वायरिंग कुजत चालले होते. घेतानाच गालिचा उचलला असता, तर पाच मिनिटांत कळले असते.

बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, जुंपून पाहतो, मगच इसार देतो. मोटारीच्या बाबतीत मात्र नुसता रंग बघून भुलतो. तेव्हा काय पहावे, ते येथे क्रमाने सांगत आहोत.

पाण्यातली गाडी ओळखावी कशी?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुरात कितीतरी गाड्या बुडाल्या. अशी गाडी धुऊन-पुसून विकली गेली, की वरून काही समजत नाही. म्हणून पुढील जागा पहाव्यात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढावा. आतल्या टोकाला मातकट डाग असेल तर संशय घ्यावा. सीटच्या खालचे रूळ व बोल्ट गंजले आहेत का, स्टेपनी उचलून तिच्या खळग्यात गाळ आहे का, हेही पहावे. काचा बंद करून गाडी थोडा वेळ उन्हात ठेवावी आणि मग दार उघडून वास घ्यावा. कुबट वास लपत नाही. उलट अत्तराची बाटली नको तितकी घमघमत असेल, तर कशासाठी, ते विचारावे.

इंजिन गार असतानाच पहावे

सकाळी लवकर जावे व आधी बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले, तर आपण येण्यापूर्वीच गाडी चालू केलेली आहे असे समजावे. गार इंजिन एक-दोन सेल्फमध्ये चालू झाले पाहिजे. मारुती ८०० व साध्या आल्टोचे इंजिन तीन सिलिंडरचे आहे, ते जागेवर थोडे थरथरतेच. त्याला भिऊ नये. सायलेन्सरमधून निळसर धूर निघत असेल तर ऑइल जळते आहे. गाडी तापल्यावरही पांढरा धूर सुटत असेल, तर पाणी आत जात असण्याचा संभव आहे. ऑइलचे झाकण उघडून आतून पहावे. तेथे दुधाळ, सायीसारखा थर आणि रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग, ही दोन लक्षणे एकत्र दिसली तर हेड गॅस्केट गेलेले असते. मात्र रेडिएटरचे झाकण गार असतानाच उघडावे. गरम असताना उघडले तर तोंड भाजेल.

या दोन्ही गाड्यांच्या ७९६ सी.सी. इंजिनात टायमिंग बेल्ट असतो. तो शेवटचा कधी बदलला, त्याचे बिल मागावे. बिल नसेल तर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा धरावा.

पत्रा म्हणजेच सांगाडा

ट्रकला खाली वेगळी चासी असते. छोट्या मोटारीत तसे नसते. तेथे पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. म्हणून तळाचा गंज ही नुसती दिसण्याची बाब नव्हे. डिकीतून खताची पोती वाहिलेल्या गाडीची डिकी व तळ जरूर तपासावा, कारण सांडलेले खत पत्रा खाते. दाराच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, बॉनेटखाली आणि खांबांवर नंतरचे वेल्डिंग आहे का, एखाद्या दाराचा रंग वेगळा दिसतो का, हे भर उजेडात पहावे. दिवे लागल्यावर गाडी पाहू नये.

चालवून पहा

निदान अर्धा तास चालवावी, तीही खराब रस्त्यावर. ए.सी. लावून तापमानाचा काटा कोठे थांबतो, ते बघावे. क्लच सोडताना इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी ओढत नाही, म्हणजे क्लचप्लेट झिजली. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवताना कटकट आवाज आला, तर पुढच्या ॲक्सलचे जॉइंट गेले. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढू नये. टायरवर चार आकडी खूण असते. २३१९ याचा अर्थ २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. मीटर तीस हजार किलोमीटर दाखवतो आणि पेडलचे रबर गुळगुळीत झाले आहे, असे असेल तर सर्व्हिसची जुनी बिले मागावीत. मीटर मागे फिरवता येतो, पेडल नाही.

कागदपत्रे

आर.सी. वरील इंजिन नंबर व चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पहावेत. सातबारावर जसा बोजा असतो, तसा आर.सी. वर कर्जाचा बोजा असतो. तो असेल तर बँकेचा दाखला व फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विक्रीसाठी फॉर्म २९ व ३० लागतात. बाहेरच्या राज्यातील गाडी असेल तर ना-हरकत दाखला वेगळा. थकलेली चलने ऑनलाइन पाहता येतात, शिकलेल्या मुलांकडून ती पाहून घ्यावीत. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी, नूतनीकरणाची फी आणि पर्यावरण कर भरावा लागतो, तोही हिशेबात धरावा. गॅसकिट असेल तर त्याची आर.सी. वर नोंद हवीच, आणि सी.एन.जी. टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी.

विकणाऱ्या सभासदांनीही एक लक्षात ठेवावे. आर.टी.ओ. च्या दप्तरी ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. "गावातलाच माणूस आहे, करील नावावर" म्हणून किल्ली दिली आणि उद्या अपघात झाला, तर भरपाईचा दावा तुमच्या दारात येईल. घेणाऱ्याने विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावे करण्यासाठी अर्ज द्यावा.

शेवटी काय?

जुनी गाडी म्हटली की दोष असणारच. पण दोष दोन तऱ्हेचे असतात. टायर, बॅटरी, क्लचप्लेट, शॉकअब, ब्रेक हे पैशाने सुटणारे दोष. ते मोजावेत आणि तेवढी किंमत तोडून मागावी. पुराचे पाणी, सांगाड्याचे वेल्डिंग, पाणी मिसळलेले ऑइल आणि न जुळणारे नंबर हे दोष मात्र किमतीत बसत नाहीत. तेथे गाडी कितीही स्वस्त मिळो, हात जोडून परत यावे.

आणि जाताना ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा. त्याची मजुरी द्यायला मागेपुढे पाहू नये. वर सांगितलेल्या सभासदांची आई आता पुन्हा एस.टी. ने डायलिसिसला जाते. बारा महिने राबून मिळवलेल्या पैशाची अशी गत दुसऱ्या कोणाची होऊ नये, एवढ्याचसाठी हे लिहिले.