थिंकपॅडवरील लिनक्स

थिंकपॅड ही व्यावसायिक वापरासाठी बनवलेल्या लॅपटॉप संगणकांची मालिका आहे. आयबीएम या अमेरिकी कंपनीने ती १९९२ मध्ये सुरू केली. २००५ पासून ती लेनोवो कंपनीकडे आहे. मजबूत बांधणी, सुटे भाग बदलण्याची सोय आणि लिनक्स कर्नलमधील चांगला आधार यांमुळे लिनक्सच्या वापरकर्त्यांमध्ये ही मालिका दीर्घकाळ लोकप्रिय आहे. मात्र तिच्यातील सर्व मॉडेल या बाबतीत सारखी नाहीत. त्यामुळे निवड करताना केवळ नावावर न जाता त्या मॉडेलमधील घटक तपासणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

‘थिंक’ अर्थात ‘विचार करा’ हे आयबीएमचे जुने ब्रीदवाक्य होते. ते कोरलेल्या खिशातील टिपणवहीवरून मालिकेला हे नाव मिळाले. तिचे काळे, चौकोनी रूप रिचर्ड सॅपर या जर्मन रचनाकाराने जपानी जेवणाच्या डब्यावरून (बेंटो) घडवले. कळफलकाच्या मध्यभागी असलेली लाल रंगाची ट्रॅकपॉइंट ही सूचककळ आजही तिची ओळख आहे. १९९३ मध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीसाठी गेलेल्या एंडेव्हर अंतराळयानात थिंकपॅड नेण्यात आला होता.

टिकाऊपणा

या मालिकेतील लॅपटॉपांची चाचणी मिल-एसटीडी-८१० या अमेरिकी लष्करी मानकातील पद्धतींनुसार केली जाते. तीत धक्के, कंपने, धूळ, आर्द्रता व तापमान यांचा समावेश असतो. अनेक मॉडेलांत कळफलकावर सांडलेले पाणी खालच्या छिद्रांतून बाहेर जाण्याची सोय असते.

दीर्घकाळ वापराच्या दृष्टीने दुरुस्तीची सोयही तितकीच महत्त्वाची असते. प्रत्येक मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका कंपनी विनामूल्य प्रसिद्ध करते. कोणता भाग कोणत्या क्रमाने काढावा, याचे तीत सचित्र वर्णन असते. २०१८ च्या टी४८० मध्ये मेमरीसाठी दोन खाचा आणि बाहेरून काढता येणारी बॅटरी आहे. याउलट २०१२ पासून निघणाऱ्या एक्स१ कार्बन या पातळ मॉडेलमध्ये मेमरी मदरबोर्डवरच जोडलेली असते. ती नंतर वाढवता येत नाही.

लिनक्सचा आधार

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलचाच भाग असतात. एखाद्या घटकाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये असल्यास तो घटक फेडोरा, डेबियन, उबुंटू अशा कोणत्याही वितरणात वेगळ्या जोडणीविना चालतो. कर्नलमधील ‘थिंकपॅड-एसीपीआय’ हा ड्रायव्हर या मालिकेतील विशेष कळा, पंखा आणि बॅटरी चार्जिंगची मर्यादा हाताळतो. लॅपटॉप सतत विजेला जोडलेला असल्यास चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवता येते व बॅटरीची झीज कमी होते.

फर्मवेअर अद्ययावत करण्यासाठी पूर्वी बहुधा विंडोज लागत असे. लेनोवो २०१८ मध्ये लिनक्स व्हेंडर फर्मवेअर सर्व्हिस या सेवेत सहभागी झाली. तेव्हापासून अनेक मॉडेलांची अद्यतने लिनक्समधूनच करता येतात. २०२० मध्ये एक्स१ कार्बनच्या आठव्या पिढीचे लॅपटॉप फेडोरासह विक्रीस आले. उबुंटू आणि रेड हॅट यांच्या प्रमाणित यंत्रांच्या याद्यांतही या मालिकेतील अनेक मॉडेल आढळतात.

मर्यादा

काही मॉडेलांतील बोटांच्या ठशांच्या वाचकासाठी उत्पादकाने लिनक्स ड्रायव्हर दिलेला नाही. एनव्हिडियाचा वेगळा ग्राफिक्स संच असल्यास अनेकदा कंपनीचा स्वतंत्र ड्रायव्हर बसवावा लागतो. जुन्या अनेक मॉडेलांचे बायोस ठरावीक वाय-फाय कार्डेच स्वीकारते. २०१८ च्या एक्स१ कार्बनमध्ये लिनक्स नीट निद्रावस्थेत जात नसे. नंतरच्या बायोस अद्यतनात त्यासाठी स्वतंत्र पर्याय देण्यात आला.

वापरलेल्या यंत्राची निवड

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. त्यामुळे २०१७ च्या टी४७० सारखे सुस्थितीतील लॅपटॉप विंडोजच्या दृष्टीने कालबाह्य ठरले, तरी त्यांवर अद्ययावत लिनक्स चालते. मर्यादित खर्चात संगणक घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा व्यवहार्य पर्याय आहे.

असे यंत्र घेण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहता येते. त्यासाठी डिस्कवर काहीही बसवावे लागत नाही. वाय-फाय, ध्वनी, कॅमेरा, बाह्य पडदा आणि झाकण मिटल्यावरची निद्रावस्था यांची परीक्षा याच वेळी करता येते. बॅटरीची मूळ क्षमता आणि सध्याची कमाल क्षमता यांचे आकडेही लिनक्समध्ये दिसतात. त्यांतील फरकावरून तिची झीज कळते.

कार्यालयांतून विक्रीस आलेल्या यंत्रांवर कधीकधी बायोसचा पर्यवेक्षक पासवर्ड राहिलेला असतो. तो अज्ञात असल्यास बायोसमधील अनेक बदल करता येत नाहीत. मदरबोर्ड बदलणे हाच त्यावरचा अधिकृत उपाय आहे. त्यामुळे बायोसची मांडणी उघडून ती बदलता येते का, हे खरेदीपूर्वीच पाहिले जाते. यंत्र जुने झाल्यावर लिनक्सची अद्यतने सुरू राहिली, तरी बायोसची अद्यतने उत्पादकावरच अवलंबून असतात. ती थांबल्यानंतर फर्मवेअरमध्ये आढळणारे सुरक्षादोष दुरुस्त होण्याची शक्यता कमी असते.