आवाज फाटला, बटण मागे!

दोस्तांनो, विठ्ठलवाडीत गणपतीच्या मांडवात गाणी ऐकताना कधी आवाज फाटलेला जाणवलाय? तो स्पीकरचा आक्रोशच, बरं का!

स्पीकरच्या पडद्यामागे लोहचुंबकात तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं. दिलेल्या विजेतली एखाद-दोन टक्केच आवाज बनते, बाकीची उष्णता! अ‍ॅम्प्लिफायर ताकदीबाहेर पिळला की ध्वनिलहरींचे शेंडे सपाट कापले जातात आणि वेटोळं आणखी तापतं. पहिला बळी बहुधा चिमुकल्या ट्वीटरचा. म्हणून जाणकार साउंडवाले तारेत बेताचा फ्यूज घालतात.

आणि गंमत म्हणजे ५० वॉटचे १०० केले, तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला थोडासाच! जळका वास आला, तर मात्र कॉइल नवीच बसवावी लागते.