बामणघळ आणि पाइपचे वळण

हेदवीच्या किनाऱ्यावरील बामणघळ ही काळ्या कातळातील अरुंद भेग असून, भरतीच्या वेळी तीत शिरलेल्या लाटेला भिंतींमुळे बाजूला पसरता येत नाही, म्हणून तिचे पाणी घळीच्या टोकाशी उंच उसळते. भिंतींत कोंडल्यामुळे लाटेचा जोर विखुरत नाही, हेच तत्त्व पोलादी पाइपमधील गंज दुरून शोधणाऱ्या ‘मार्गदर्शित तरंग’ पद्धतीच्या मुळाशी आहे.

हेदवीच्याच गुहागर तालुक्यात अंजनवेल येथे एलएनजीचे, म्हणजे सुमारे उणे 162 अंश सेल्सिअसला द्रवरूप केलेल्या नैसर्गिक वायूचे टर्मिनल 2013 मध्ये सुरू झाले. किनाऱ्यावरील अशा कारखान्यांत साध्या पोलादाचे अनेक पाइप इन्सुलेशनखाली झाकलेले असतात, आणि खारा ओलावा फटीतून आत शिरला की बाहेरून काहीही न दिसता त्यांना गंज चढतो. जाडी मोजण्याचा नेहमीचा प्रोब जेथे टेकवावा तेवढीच जागा तपासतो. त्यामुळे सारा पाइप पाहायचा तर सारे आवरण सोलावे लागते.

मार्गदर्शित तरंगांसाठी मात्र एकाच जागी आवरण काढून पाइपभोवती संवेदकांचे कडे बसवले की पुरते. हे कडे श्राव्यातीत, म्हणजे मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या, साधारण 20 ते 100 किलोहर्ट्झ वारंवारतेची पीळ देणारी कंपने भिंतीत सोडते. सेकंदाला सुमारे 3,260 मीटर वेगाने धावणारा हा तरंग 15 मीटरवरील गंजावर आपटून सुमारे 9 सहस्रांश सेकंदांत परततो, आणि त्या वेळेवरूनच दोषाचे अंतर कळते. द्रवाला पीळ देता येत नसल्याने आतून द्रव वाहत असला तरी तरंगाची ऊर्जा त्यात फारशी झिरपत नाही, ही या पद्धतीची मोठीच सोय होय.

पोकळ दंडगोलातील तरंगांचे गणित डेनोस गाझिस यांनी 1959 मध्ये मांडले, पण ते सरळ पाइपचे होते. नव्वद अंशांच्या नेहमीच्या 12 इंची एल्बोत, म्हणजे वळणाच्या तुकड्यात, बाहेरच्या बाजूची लांबी सुमारे 97 सेंटीमीटर, तर आतल्या बाजूची अवघी 46 सेंटीमीटर भरते. साहजिकच एकत्र निघालेल्या तरंगाचे दोन भाग वळणापलीकडे वेगवेगळ्या वेळी पोचतात आणि पिळाच्या तरंगाचा काही अंश पाइपला वाकवणाऱ्या तरंगात बदलतो. एका बाजूचा गंजही नेमके हेच घडवत असल्याने, निर्दोष वळणाचा प्रतिध्वनी दोषासारखा भासू शकतो आणि खरा दोष त्यात हरवूही शकतो. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात आणि आयआयटी मद्रासमध्ये या रूपांतराचा अभ्यास झाला आहे.

अडचण अशी की, प्रवाहातील कण आपटून झीज होते ती बहुधा वळणावरच, आणि पाइप वाकवून वळण घडवताना बाहेरची भिंत ताणली जाऊन मुळातच पातळ होते. म्हणून वळणापलीकडच्या प्रतिध्वनींचा आलेख स्वच्छ दिसला, एवढ्यावरून पाइप सुरक्षित ठरवणे धोक्याचे आहे. वळणाच्या दोन्ही अंगांनी कडे बसवून नोंदी ताडून पाहाव्यात, आणि जेथे शंका येईल तेथे आवरण काढून, गंज व सुटा रंग खरवडून, वळणाच्या बाहेरच्या पाठीवर जाडीमापक प्रोब टेकवावा.